एकभुक्त आणि दोन वेळची गोळी

मी ब्लाउज शिवते. बुऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यात, घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे, आणि तिथे येणाऱ्या बायका माप कमी देतात, गप्पाच जास्त मारतात. गेल्या श्रावणापासून त्यांचा एकच प्रश्न, "ताई, तुम्हाला नेमकं झालं काय होतं?" तेच तेच सांगून माझं तोंड दुखलं. बरं, सांगितलं तरी अर्ध्याजणी ऐकतात एक आणि घरी जाऊन सांगतात दुसरंच. एकीने तर मला थेट डायलिसिसवर नेऊन बसवलं. म्हणून आता एकदाच लिहून ठेवते. ज्यांना हेच दुखणं आहे आणि ज्या लाजेने गप्प बसल्या आहेत, त्यांनी वाचावं. ज्यांना नुसतीच चौकशी करायची आहे, त्यांनी नाही वाचलं तरी चालेल.

आधी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मला एकच किडनी आहे. दुसरी माझ्या धाकट्या भावाच्या, हेमंतच्या पोटात आहे. त्याच्या दोन्ही निकामी झाल्या तेव्हा आम्ही इंदोरला गेलो, सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, माझी जुळली, मी दिली. लोक त्याला त्याग म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. माझ्याकडे दोन होत्या, त्याला एक हवी होती, एवढाच हिशोब.

पण ऑपरेशनच्या आधी मी देवाला एक बोलून बसले होते. ही त्याला लागू पडू दे, मी जन्मभर चातुर्मासात एकभुक्त राहीन. लागू पडली. तेव्हापासून आषाढीपासून कार्तिकीपर्यंत मी दुपारी एकदाच जेवते. बाकी वेळी चहा, नाहीतर कपभर दूध. सवय झाली. त्रास म्हणून कधी वाटला नाही.

हेमंतला आता रोज औषधं घ्यावी लागतात, ती जन्माचीच. मोबाइलचा गजर वाजला की तो लग्नाच्या पंगतीतूनही उठतो. मला मात्र साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घ्यायची सवय नव्हती. आजारी तो आणि धडधाकट मी, अशी आमच्या घरात वाटणी ठरलेलीच होती.

लाजेचं दुखणं

राखीच्या आधी ब्लाउजांचा नुसता ढीग पडतो. प्रत्येकीला आपलं आधी हवं. त्या दिवसांत मी मशीनवर बसले की उठायचं नाव नाही. पाणी प्यायले तर उठावं लागेल, म्हणून पाणीही कमी. लघवीला लागलं तरी "एवढी बाही लावून घेऊ" असं म्हणत बसून राहायचं. शिलाई करणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

मग जळजळ सुरू झाली. सारखं जावंसं वाटायचं आणि गेलं की थेंबभर. धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला. आमच्या ह्यांना सांगितलं नाही. काय सांगणार, आणि कसं? पण लघवी गढूळ दिसायला लागली तेव्हा मात्र गुपचूप आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांचं छोटंसं हॉस्पिटल आहे आणि माझी सगळी कहाणी त्यांना ठाऊक आहे.

त्यांनी तपासलं, लघवीचा नमुना घेतला आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हे बघा, दुसऱ्या कोणी बाई असत्या तर मी एवढं बोलले नसते. तुम्हाला एकच आहे. हे इन्फेक्शन वर चढू द्यायचं नाही. गोळ्या लिहून देते. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. पूर्ण घ्यायच्या. मध्येच सोडायच्या नाहीत."

"सोडणार नाही," मी म्हटलं. आणि मी सोडल्या नाहीत, हे इथे मुद्दाम लिहिते.

गोळ्या आणायला हे गेले. कशाच्या ते मी सांगितलं नाही, यांनीही विचारलं नाही. संध्याकाळची वेळ, मेडिकलवर गर्दी, हे बिचारे स्कूटर चालू ठेवूनच उभे. काउंटरवरच्या माणसाने गोळ्यांच्या पत्त्यावर पेनाने दोन रेघा मारल्या, एक सकाळची, एक संध्याकाळची, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. यांनी पत्ता आणून माझ्या हातात दिला. "दोनदा, जेवणानंतर," एवढा निरोप दिला आणि टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवले, गोळी घेतली. आमच्याकडे म्हणतात तशी ही गोळी गरम पडणारी, म्हणून चांगली ग्लासभर दुधाबरोबर घेतली. संध्याकाळ झाली. संध्याकाळी मी जेवत नाही. जेवणच नाही तर जेवणानंतरची गोळी कशी घेणार? रिकाम्या पोटी घेतली तर पोट जळेल, असं लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून नाही घेतली. यात काही चुकतंय असा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. उलट मी अगदी सांगितल्याबरहुकूम वागत होते. जेवण एक, गोळी एक.

दोन-तीन दिवसांत जळजळ कमी झाली. मी सुटले म्हटलं. तरीही गोळ्या चालूच ठेवल्या, रोज दुपारी, दुधाबरोबर, नेमाने.

हुडहुडी

एका दुपारी सिंधीपुऱ्यातली एक जुनी गिऱ्हाईक ट्रायलला आली होती. पाठीला दोन बोटं सैल होत होतं म्हणून मी टाचण्या लावत होते. काही टाचण्या नेहमीसारख्या माझ्या ओठांत धरलेल्या. तेवढ्यात अशी काही थंडी भरली की दात वाजायला लागले. ऐन दुपारी, पंखा बंद, आणि मी थडथड उडतेय. ती बाई घाबरून ओरडली, "अगं बाई, टाचण्या थुंक आधी!" थुंकता आल्या, हे नशीब. मग कमरेत एका बाजूला अशी कळ आली की मी जमिनीवर बसले ती बसलेच.

बाजू कोणती, ते सांगायला नकोच. एकच तर आहे.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, रक्त काढलं. रिपोर्ट आल्यावर त्या खुर्ची ओढून माझ्या पलंगाजवळ बसल्या. डॉक्टर उभ्याने बोलतो तोवर ठीक असतं, बसला की समजावं. म्हणाल्या, "इन्फेक्शन किडनीत चढलंय. क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडनीचं काम मंदावलंय. इंजेक्शनं आत्ता सुरू करतोय. आकडा उतरला तर इथेच भागेल. नाही उतरला तर इंदोरला पाठवावं लागेल."

"आणि तिथेही नाही उतरला तर?" मी विचारलं.

"आत्ता तो विचार नको."

म्हणजे तोच विचार करायचा. मला भीती वाटली. ऑपरेशनच्या वेळी वाटली नव्हती एवढी वाटली. तेव्हा मी स्वतःच्या पायांनी गेले होते. आता कोणी तरी माझ्या घरात शिरून माझी उरलेली एकुलती एक वस्तू नेत होतं आणि मला उठता येत नव्हतं.

खाली, फाटकाशी

हॉस्पिटलातले दिवस सगळे सारखे असतात. पहाटे कोणी तरी येऊन ताप मोजतं, मग रक्त, मग इंजेक्शन, मग चहा, मग दुसरी बाटली चढते. माझ्याकडे एक प्लास्टिकचा मग होता. लघवी त्यात करायची, माप बघायचं, सिस्टरला सांगायचं. मला उठता येत नसे तेव्हा हे काम आमच्या ह्यांनी केलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ज्याच्यापासून मी जळजळही लपवली तो माणूस मग उजेडात धरून म्हणायचा, "आज जास्त झाली बघ." मला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सवय झाली. लाज ही मोठी गमतीची चीज आहे, एकदा गेली की आपण तिला इतकी वर्षं पोसलं कशाला हेच कळत नाही.

तिथली आया रोज न विचारता गरम पाण्याची पिशवी आणून कमरेखाली सरकवायची. "शेकून घे बाई," एवढंच म्हणायची. बाकी कोणाचं काही आठवो न आठवो, ती पिशवी मला आठवते.

हेमंतला वर येऊ देत नव्हते. त्याच्या औषधांनी त्याची प्रतिकारशक्ती कमी असते, वॉर्डात पाऊल टाकणं त्याला धोक्याचं. त्याची बायको तर हॉस्पिटलकडे फिरकायलाही मनाई करत होती, आणि तिचं चूक नव्हतं. पण तो यायचा. तोंडाला मास्क बांधून खाली फाटकाशी उभा राहायचा आणि मला फोन करायचा. मी खिडकीतून बघायचे.

"आक्का, खाल्लं का काही?"

"खिचडी खाल्ली. तू घरी जा."

"जातो. आकडा किती आला?"

"तू काय डॉक्टर आहेस का? घरी जा म्हटलं ना."

तो जायचा नाही. त्या फाटकाशी पार्किंगवाल्याने त्याला रोज वेगळ्या कोपऱ्यात सरकवलं, एवढंच.

तिकडे डॉक्टरीणबाई वेगळ्याच कोड्यात पडल्या होत्या. लघवीची तपासणी आली होती. कोणत्या औषधाने हे जंतू मरतात ते त्यात कळतं. त्या म्हणाल्या, "मी दिलेल्या गोळीने हे मरायला हवे होते. तुम्ही घेत होतात ना?"

"रोज घेतली," मी म्हटलं. खोटं नव्हतंच ते.

"पूर्ण?"

"एकही दिवस चुकवला नाही."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, विषय संपला.

हॉस्पिटलात असताना मात्र मला दोन्ही वेळचं जेवायला लागलं. सलाईन लावलेलं असताना कसला आलाय नेम. पण मनाला टोचत होतं. मग आकडा हळूहळू उतरायला लागला. पुरता नाही, पण इंदोर टळण्याइतका. घरी सोडताना नवीन गोळ्या मिळाल्या, या वेळी बऱ्याच दिवसांच्या. पुन्हा तेच, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. आणि घरी गेले की चातुर्मास माझी वाट बघत होता.

मेडिकलवरची परीक्षा

घरी जाताना हे हॉस्पिटलजवळच्या मेडिकलवर थांबले. ऑटोत बसवेना, म्हणून मीही उतरून दुकानातल्या बाकावर टेकले. इथे सगळी गोष्ट फिरली, आणि तीही केवळ मी बाकावर बसले म्हणून. नाहीतर पहिल्यासारखाच पत्ता यांच्या खिशातून घरी आला असता.

काउंटरवर वैशाली होती. माहेर नेपानगरचं, फार्मसी शिकलेली, आणि आता सासऱ्यांचं दुकान हीच चालवते. आवाज असा खणखणीत की पलीकडच्या जिलबीवाल्यालाही ऐकू जावा. तिने कागद वाचला, गोळ्या काढल्या आणि यांच्या हातात न देता थेट मला विचारलं, "पेशंट तुम्हीच ना काकू? लघवीचं इन्फेक्शन का?"

चार माणसं उभी होती. मला तर तिथल्या तिथे गाडून घ्यावंसं वाटलं. मी म्हटलं, "अजून जोरात बोल. रस्त्यापर्यंत नाही पोचलं."

ती चपापली. मग काउंटरची फळी उचलून मला आत, फ्रिजच्या आडोशाला बोलावलं आणि स्टूल दिलं. आवाजही उतरवला. "सॉरी काकू. आधी कुठली गोळी चालू होती? कशी घेत होतात, जरा सांगता का?"

"सांगितली होती तशी."

"ते ठीक. पण नेमकं कसं? कशाबरोबर? मला समजू तर द्या."

मला राग यायला लागला होता. हॉस्पिटलात पडून आलेल्या बाईची ही काय उलटतपासणी? पण उठायची ताकद नव्हती, म्हणून सांगितलं. दुपारी, जेवणानंतर, ग्लासभर दुधाबरोबर.

"आणि संध्याकाळची?"

"संध्याकाळी मी जेवत नाही. चातुर्मास आहे."

"मग संध्याकाळची गोळी?"

"अगं, जेवणच नाही तर जेवणानंतरची गोळी कुठून आली?"

ती हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. म्हणाली, "काकू, तुमची काही गलती नाही. तुम्हाला कोणी विचारलंच नाही की तुम्ही जेवता किती वेळा. आम्ही समजून चालतो, सगळे दोनदा जेवतात."

मग तिने साध्या शब्दांत सांगितलं. गोळीचा असर काही तासच टिकतो. दुसरी वेळेवर पडली नाही की अर्धमेले जंतू पुन्हा उठून बसतात. आणि ती पहिली गोळी दुधाबरोबर घेतली की दूध तिला पोटातच अडवून धरतं, अंगाला लागूच देत नाही. म्हणजे मी दिवसाला एक घेत होते, आणि तीही धड नाही.

डॉक्टरीणबाईंच्या कोड्याचं उत्तर माझ्याच दुधाच्या ग्लासात होतं.

तिने लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. चोरून नाही, माझ्यासमोर. त्या दोघी बोलल्या, आणि मग वैशाली म्हणाली, "ही नवीन गोळी दुधाने बिघडत नाही, पण पाण्याबरोबरच घ्या. पोटात थोडं काही असलं की बस झालं, पूर्ण जेवण पाहिजे असं नाही. तुमच्या नेमात सकाळ-संध्याकाळ काय चालतं? केळं?" आणि लगेच स्वतःच जीभ चावली, "नको, केळं नको. किडनीचा रिपोर्ट नीट येईपर्यंत डॉक्टर नाही म्हणाल्यात."

"केळ्यांच्या बुऱ्हाणपुरात राहून केळं नको?" हे काउंटरच्या पलीकडून म्हणाले. तशातही मला हसू आलं.

"राजगिऱ्याचा लाडू?" तिने विचारलं.

मी विचार केला. लाडू म्हणजे जेवण नव्हे. देवाला चालायला हरकत नव्हती.

"आता तुम्ही मला सांगा," ती म्हणाली, "घरी जाऊन काय करणार?"

"परीक्षा घेतेस का माझी?"

"हो. सगळ्यांची घेते. 'समजलं का' विचारलं तर सगळेच हो म्हणतात, मीही म्हणते."

मी पाढे म्हटल्यासारखं सांगितलं. सकाळी लाडू आणि पाण्याबरोबर गोळी. संध्याकाळी दिवे लागले की पुन्हा लाडू, पाणी, गोळी. बरं वाटलं तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद नाही. ती म्हणाली, "पास." मग माझा नंबर घेतला. मला तेव्हा ते आगाऊपणाचं वाटलं.

घरातलं रामायण

घरी आल्यावर हे फुटले. आयुष्यात माझ्यावर आवाज न चढवलेला माणूस स्वयंपाकघरात उभा राहून ओरडला, "एक त्याला दिलीस, दुसरी आता देवाला देतेस का? बंद कर ते एकभुक्त!"

"नाही करणार."

"का?"

का, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. मी रडतच म्हटलं की मला वाटतं, मी नेम मोडला तर हेमंतची जाईल. लोकांना हसू येईल, येऊ दे. इतकी वर्षं ती त्याच्या पोटात नीट चालली आहे, आणि इतकी वर्षं मी एकवेळ जेवते आहे. या दोहोंचा संबंध नाही हे माझ्या डोक्याला कळतं. पण आपणहून नेम मोडून बघायची माझी हिंमत नाही.

हे खाली बसले. मग म्हणाले, "लाडू मी आणतो." भांडण तिथेच संपलं. सकाळी, आणि संध्याकाळी दिवे लागले की, हे गोळी, लाडू आणि पाणी घेऊन समोर उभे राहायचे. गिळेपर्यंत हलायचे नाहीत.

हेमंतनेही फोनवर वाद घातला. "आक्का, तू पागल आहेस का? नवस माझ्यासाठी ना, मग मीच सांगतो, सोड."

"नवस तू केलास की मी?"

"तू."

"मग तू मध्ये बोलू नकोस."

तिसऱ्या दिवसाचा फोन

घरी येऊन दोन-तीन दिवस झाले आणि मला एकदम हलकं वाटायला लागलं. ताप नाही, कळ नाही, जेवण गोड लागतंय. मशीनवरचं कापड खुणावत होतं. तेवढ्यात वैशालीचा फोन.

"काकू, बरं वाटतंय ना?"

"छान वाटतंय."

"म्हणूनच फोन केला. याच दिवसांत लोक गोळ्या सोडतात. दुखत असतं तेव्हा कोणी सोडत नाही."

मी म्हटलं, "माझ्यावर पहारा ठेवतेस?" ती म्हणाली, "हो." अशा पोरीवर रागवायचं तरी किती.

गोळी घेतली की तेवढं मळमळतं, अशी मी तक्रार केली, तर तिने गोळी सोडायला सांगितलं नाही. लाडू आधी खा, गोळी मग, आणि उलटी झाली तर मला लगेच कळवा, डॉक्टरांना विचारू, असं सांगितलं. उलटी झाली नाही.

त्याच दिवसांत माझी एक गिऱ्हाईक आली. तिलाही तेच दुखणं. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "ताई, तुमच्यातल्या चार गोळ्या द्या ना. डॉक्टरकडे कुठे जाऊ हे सांगायला?" महिन्यापूर्वी मागितल्या असत्या तर मी दिल्याही असत्या. आपल्याकडे गोळ्या अशाच फिरतात, विरजणासारख्या या घरातून त्या घरात. मी म्हटलं, "माझ्या गोळ्या माझ्या जंतूंसाठी आहेत. तुझे वेगळे असतील. चप्पल घाल, मी येते सोबत." नेलं तिला. वाटेत ती फार लाजत होती. मी अजिबात लाजले नाही, सगळी कहाणी रिक्षात मोठ्याने सांगितली.

गोळ्या संपल्या. मी शेवटचा रिकामा पत्ता वैशालीला नेऊन दाखवला. तिने तो बघितला आणि कचऱ्यात टाकला. शाबासकी वगैरे काही दिली नाही. म्हणाली, "आता लघवी पुन्हा तपासायची आणि रक्तही. त्याशिवाय बरी झाले म्हणायचं नाही."

रिपोर्ट

रिपोर्ट मिळायचा दिवस उजाडला. हे त्यांच्या कामात अडकले होते, म्हणून हेमंत मला स्कूटरवर घेऊन गेला. नेहमीसारखा तो बाहेरच थांबला.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. मी त्यांच्या खुर्चीकडे बघत होते, ओढून जवळ घेतात का. नाही घेतली. म्हणाल्या, "जंतू नाहीत. आकडा पहिल्यासारखा झालाय. वाचली तुमची किडनी."

मी नुसतीच मान डोलावली.

मग पाणी किती प्यायचं, लघवी धरून ठेवायची नाही, असं सगळं सांगून झाल्यावर त्या चष्मा काढून हसल्या. "तुमच्या भावाला आता झोप लागेल. फार भोळा हो माणूस."

"का? काय केलं त्याने?"

"तुम्हाला बोलला नाही? तुम्ही ॲडमिट होतात, आकडा चढत होता, तेव्हा त्याने मला फाटकाशी अडवलं. म्हणाला, मॅडम, माझ्यात आहे ती तिचीच आहे. काढून तिला परत लावता येते का? सही कुठे करायची ते सांगा."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, असं होत नाही. तर म्हणाला, मी डायलिसिसवर राहीन, मला सवय आहे."

मी पर्स उचलली आणि बाहेर आले. फाटकाशी तो मास्क लावून उभा होता. माझ्या तोंडाकडे बघून त्याचा चेहराच उतरला, त्याला वाटलं रिपोर्ट वाईट आला.

"आक्का, काय झालं?"

"वाचली," मी म्हटलं. "घरी चल."

त्याच्यासाठी जी मी इतकी वर्षं नेमाने जपली, ती हा एका सहीवर परत द्यायला निघाला होता, हेच रस्ताभर डोक्यात होतं. तो दोनदा मागे वळून विचारत होता, "रडतेस का?" मी म्हटलं, "पुढे बघून चालव." गल्लीत उतरले. कार्तिकी अजून लांब होती. तो स्कूटर वळवायला लागला तेव्हा मी हँडल धरलं आणि म्हटलं, "संध्याकाळी जेवायला ये. दोघं बसू."

"तू पण?"

"मी पण."

मास्क खाली ओढून त्याने डोळे पुसले, आणि भर गल्लीत माझ्या पाया पडला. मी त्याला एक धपाटा घातला आणि भात किती टाकायचा ते बघायला आत गेले.